दाढेचा तुकडा उडाला: कॅप घालायची की उरलेली दाढ राखायची?

तळटीप: खालच्या दाढेचा जिभेकडचा कोपरा उडाला. आत जुनं चांदीचं फिलिंग होतं. दुखत नाही, पण जीभ सारखी तिथेच जाते. पहिल्या डॉक्टरांनी डोकावून लगेच कॅप सांगितली. दुसऱ्या म्हणाल्या, ओनले करू, म्हणजे मोडलेल्या भागापुरता तुकडा बनवून चिकटवायचा. मी ओनलेच ठरवलंय. कॅपसाठी दाढ वरून १.५ ते २ मिमी घासतात, शिवाय चारही बाजूंनी. एनॅमल, म्हणजे दाताचं वरचं कठीण आवरण, पुन्हा येत नाही, ते बनवणाऱ्या पेशी दात उगवतानाच संपतात. मग धडधाकट भाग कशाला घासून घ्यायचा?

खडूस: मीही याच पंथातला होतो. कॅप नको म्हणून मोठं फिलिंग करून घेतलं. दोन वर्षांत पातळ राहिलेली भिंत उभी चिरली, थेट हिरडीखाली. दाढ काढावी लागली. तुम्ही मिलिमीटर मोजताय, मी अख्खी दाढ घालवली.

तळटीप: वाईट झालं, पण ते फिलिंग होतं हो! फिलिंग दोन भिंतींमध्ये पाचरीसारखं बसतं. ओनले दाढेचा कमकुवत झालेला उंचवटा (टोक) वरून झाकतो.

उंटावरचा शहाणा: झाकतो, पण शेवटी चिकटवलेलाच ना? गोंद तो गोंद.

दंतकथा: (मी दंतवैद्य, तेव्हा थोडं लांबेल.) १९५५ मध्ये बुओनोकोर या अमेरिकन दंतवैद्यांनी एनॅमलवर फॉस्फोरिक आम्ल लावलं की रेझिन (दातांसाठीचं प्लास्टिकसारखं द्रव्य) घट्ट धरतं हे दाखवलं. आजचं चिकटवणं त्यावरच उभं आहे. मात्र एनॅमलवर पकड जितकी भरवशाची, तितकी डेंटिनवर, म्हणजे एनॅमलच्या आतल्या थरावर, नाही. म्हणून मी आधी पाहते, मोडलेल्या कडेला सगळीकडे एनॅमल उरलंय का. कड हिरडीखाली गेली आणि रबर डॅम (दाताभोवती ताणलेला रबरी पडदा) लावून लाळ-रक्त अडवता आलं नाही, तर उत्तम ओनलेही निखळतो. तळटीप, चावताना किंवा चावून सोडताना कळ येते का? येत असेल तर तडा असू शकतो आणि हिशोब बदलतो. रात्री दात खात असाल तर नाइट गार्ड (झोपताना दातांवर घालायचं कवच) लागेल, ओनले करा नाहीतर कॅप.

खडूस: डॉक्टरीणबाई, हे सगळं इतक्या निगुतीनं करणारे किती? कॅप थोडा हलगर्जीपणा खपवून घेते, ओनले नाही. माझा आक्षेप तिथे आहे.

दंतकथा: आक्षेप रास्त आहे. पण कॅपच्या कडेलाही कीड लागते, आणि तेव्हा खाली घासायला फारसं काही उरलेलं नसतं. ओनले फसला तर कॅपचा मार्ग बहुतेकदा शिल्लक राहतो.

उंटावरचा शहाणा: म्हणजे कॅप शेवटचा पत्ता. हे पटलं. गोंदाबद्दल अजून शंका आहेच.

तळटीप: सोडताना कळ येते का, हे मी कधी बघितलंच नव्हतं. आत्ता रुमालाची घडी चावून पाहिली. किंचित काहीतरी जाणवलं, की मनाचे खेळ? शुक्रवारी जातोय, हेच आधी विचारतो.

खडूस: विचाराच. आणि तोवर त्या बाजूनं चावू नका.