हिमोफिलिया आणि ट्रामाडॉल: गोळीमुळे ब्लीड कळेनासं झालंय

पहाटवारा

मला सिव्हिअर हिमोफिलिया ए आहे, म्हणजे रक्त गोठवणारं फॅक्टर आठ हे प्रथिन एक टक्क्याहून कमी. वय ४१. लहानपणी ब्लीड झालं, म्हणजे सांध्यात आतल्या आत रक्तस्राव झाला, की बर्फ लावायचा, पाय उशीवर ठेवायचा आणि वाट बघायची, एवढाच उपाय होता. त्यात डावा घोटा आणि उजवा गुडघा कायमचे बिघडले. घोट्यातली कूर्चा जवळपास संपली आहे. आता आठवड्यातून दोनदा फॅक्टर घेतो, त्यामुळे नवीन ब्लीड कमी होतात, पण जुनं दुखणं आहे तिथेच आहे.

दीड वर्षापूर्वी घोट्यासाठी ट्रामाडॉल हे ओपिऑइड, म्हणजे अफूच्या जातीचं वेदनाशामक, सुरू झालं. ५० मिलिग्रॅमची एक कॅप्सूल, रात्री, तीही लागली तरच. पहिले काही महिने फार सुखाचे गेले, सलग झोप म्हणजे काय ते मला तेव्हा कळलं. मग एक पुरेना. सकाळची वाढली, मग दुपारची, आता दिवसाला चार होतात. पोट साफ होत नाही. वेळ टळली की घाम येतो, नाक गळतं, जीव कासावीस होतो.

हे सगळं मी सहन करत होतो. पण तीन आठवड्यांपूर्वी सकाळी उठलो तर गुडघा टम्म फुगलेला. रात्रभर ब्लीड चालू होतं आणि मला पत्ताच नाही. सहा वर्षांचा असल्यापासून मला सूज यायच्या कितीतरी आधी कळायचं. आई पाय बघून म्हणायची, "काहीच तर दिसत नाहीये रे," आणि मी म्हणायचो, "सुरू झालंय." माझा अंदाज क्वचितच चुकायचा. ती जाणीवच गोळीने नेली की काय, या विचाराने मी घाबरलोय.

घाबरून मी गोळ्या एकदम बंद केल्या. दोन दिवस टिकलो. तिसऱ्या दिवशी पुन्हा चार.

ज्यांनी कमी केल्या आहेत त्यांनी कशा केल्या? आणि सांध्याचं रोजचं दुखणं आणि ब्लीड यांत फरक कसा करता? मला व्यसन लागलंय का, हाही प्रश्न आहेच. घरात अजून कुणाला बोललो नाही.

निळी छत्री

माझाही घोटाच, आणि मीही या वाटेने जाऊन आलोय. एकदम बंद करणं ही माझीही पहिली चूक होती. नंतर डॉक्टरांनी दर दोन-तीन आठवड्यांनी थोडी थोडी कमी केली, दुपारची आधी आणि रात्रीची सगळ्यात शेवटी. चार महिने लागले.

फरकाचं म्हणाल तर, माझा जुना सांधा सकाळी आखडलेला असतो, दहा-बारा पावलं टाकली की सैल होतो आणि संध्याकाळी पुन्हा ठणकतो. ब्लीडचं दुखणं बसून राहिलं तरी चढत जातं आणि तासा-दोन तासांत सांधा वाकेनासा होतो. तरीही कधी कधी फसगत होते. शंका आली तर मी आधी फॅक्टर घेतो आणि हिमोफिलिया सेंटरला फोन करतो. तिथे सोनोग्राफीत सांध्यात रक्त आहे का ते दिसतं.

गुडघ्याला शिवणकामाची टेप लावून रोज एकाच जागी माप घ्या आणि लिहून ठेवा. जाणीव बोथट झाली असली तरी माप खरं सांगतं.

एक आणखी. पूर्वीच्या प्लाझ्मापासून बनवलेल्या फॅक्टरमधून मला हेपटायटिस सी झाला होता. यकृत दुखावलंय म्हणून मला पॅरासिटॅमॉल दिवसाला २ ग्रॅमच्या वर घ्यायची मनाई आहे. गोळ्या बदलायच्या ठरल्या तर तुमचं यकृत आधी तपासून घ्या.

अबोली

मी रक्तविकारांच्या विभागात नर्स आहे. पहाटवारा, घाम येणं, नाक गळणं याचा अर्थ शरीराला औषधाची सवय झाली आहे. ओपिऑइड महिनोन्महिने घेतलं तर ती कुणालाही होते. व्यसन म्हणजे औषधाची ओढ आवरत नाही, नुकसान दिसत असूनही घेत राहावंसं वाटतं. तुम्ही तर कमी कसं करू विचारताय. पण हे तुमच्या डॉक्टरांना जसंच्या तसं सांगा, दोन दिवस बंद केलं होतंत तेही. लाजू नका.

झोपेच्या किंवा नैराश्याच्या गोळ्या चालू असतील तर न विसरता सांगा. झोपेच्या गोळीबरोबर ट्रामाडॉल घेतलं तर श्वास मंदावू शकतो, दारूबरोबरही तेच. नैराश्याच्या काही औषधांबरोबर झटके येऊ शकतात. डोक्याला मार लागला तर फॅक्टर लगेच घ्या आणि थेट इस्पितळ गाठा. गुंगी गोळीची की मेंदूतल्या रक्तस्रावाची हे घरी ठरवता येत नाही.

आयबुप्रोफेन, डायक्लोफिनॅक, ॲस्पिरिन स्वतःहून नकोच, रक्त थांबवणाऱ्या प्लेटलेटचं काम बिघडतं. गोळ्या कमी करताना दुखलं म्हणून कुठल्या तरी दवाखान्यात स्नायूत इंजेक्शन घ्यायचं नाही, तिथेच रक्त साचून गाठ होईल. सेलेकॉक्सिबसारखं दुखण्यावरचं औषध काहींना देतात, पण पोट, किडनी, हृदय बघून आणि डॉक्टरांच्या देखरेखीखालीच.

आणि फिजिओथेरपी मनापासून करा. मांडीचे स्नायू बळकट झाले की गुडघ्यावरचा भार कमी होतो.

सईची आई

दादा, विषय थोडा वेगळा आहे. माझा धाकटा पाच वर्षांचा, त्यालाही सिव्हिअर ए. तो "पायात काहीतरी होतंय" म्हणतो आणि मला काहीच दिसत नाही. तुम्हाला त्या वयात नेमकं काय जाणवायचं?

पहाटवारा

ताई, आधी आतून झिणझिण्या, सोडा फसफसल्यासारख्या. मग ऊब. मग सांधा आतून भरत चालल्यासारखा घट्ट वाटायचा. दुखायला त्यानंतर लागायचं, आणि सूज त्याच्याही नंतर. तो म्हणाला की फॅक्टर द्या, दिसायची वाट बघू नका. आई वाट बघायची, कारण तेव्हा घरात फॅक्टरच नसायचा.

छत्रीदादा, अबोलीताई, मनापासून आभार. काल रात्री बायकोला सगळं सांगितलं. सोमवारी ती डॉक्टरांकडे बरोबर येतेय, तोपर्यंत चारच घेतोय, स्वतःहून काही बदलत नाही. टेप तिनेच लावली. उजवा गुडघा ४१.५ सेंटीमीटर, डावा ३८. वहीत लिहून ठेवलंय.