मोहरमच्या फलकावरून पोरांना एवढं झोडायचं काय कारण होतं?

शनिवारपेठकर
आपल्याच कोल्हापूरच्या ग्रुपवर एकानं तालमीच्या फलकाचा फोटो टाकला. फलकावर 'आषाढी एकादशी व मोहरमच्या हार्दिक शुभेच्छा'. वर त्याचं भाष्य: 'मोहरम शोकाचा महिना आहे. शुभेच्छा देणं म्हणजे तेराव्याला जाऊन अभिनंदन करणं. आधी अभ्यास करा, मग एकोप्याचे फलक लावा.' बघता बघता सगळे पोरांवर तुटून पडले आणि संध्याकाळी पोरांनी फलक उतरवला. मला राग आलाय म्हणून सविस्तर लिहितो.

मी मुसलमान आहे. आमच्या घरी मोहरमच्या नवव्या-दहाव्याला रोजे असतात. 61 हिजरीत करबल्यात इमाम हुसेन कसे शहीद झाले ते मला लहानपणापासून ठाऊक आहे. मोहरमला मुबारक म्हणत नाहीत हेही ठाऊक आहे. पण ज्यांनी फलक लावला ती पोरं खत्तलरात्री, म्हणजे दहाव्याच्या आदल्या रात्री, मोहरमला बसवलेल्या धातूच्या पंजाजवळ जागतात, त्यांच्या आया चोंग्यांच्या गोड रोट्या करून आणतात. 2024 ला 17 जुलैला आषाढी आणि मोहरम एकत्र आले, त्याच्या तीनच दिवस आधी, 14 तारखेला, विशाळगडाजवळच्या गजापुरात मशीद आणि घरं फोडली होती. त्या आठवड्यात आमच्या गल्लीत 'चाचा, काय लागलं तर हाक मारा' म्हणत आली ती हीच पोरं. त्यांना एक शब्द कानात सांगता आला असता. चौकात उभं करून अडाणी ठरवायचं काय कारण?

हैदराबाद_माहेर
दादा, तुमचा राग कळतो, पण मला तो फलक बघवला नाही. आम्ही शिया. मोहरमचा चांद दिसला की आमच्याकडं काळे कपडे, बांगड्या उतरवायच्या, मजलिस म्हणजे शोकसभा, मातम म्हणजे छाती पिटून शोक. दोन महिने आठ दिवस घरात लग्नकार्य नाही. भेटल्यावर आम्ही एकमेकांना पुरसा देतो, सांत्वन करतो. लग्न होऊन इथं आले त्या पहिल्याच वर्षी आशुऱ्याला, मोहरमच्या दहाव्या दिवशी, शेजारच्या काकी पेढे घेऊन दारात, 'हॅपी मोहरम' म्हणाल्या. मी पेढा घेतला, दार लावलं आणि रडले. चांगल्या मनानं केलं म्हणून लागत नाही असं नसतं.

तालमीचा_गडी
ताई, तुमच्या दुःखाबद्दल काही म्हणणं नाही. पण आमच्याकडं मोहरम अशीच होती आणि आहे. खड्ड्यासाठी कुदळ पडते, पंजे बसतात, पंजांच्या भेटी होतात, ऊद-अबीर, मलिदा, ताबूत पंचगंगेवर. माझ्या आज्ज्यानं नवसानं फकिरी घेतलेली, गळ्यात नाडा बांधून दारोदार फिरलेला माणूस. बाबूजमाल दर्ग्याच्या दारावर गणपती कोरलाय, तो बघतच आम्ही वाढलो. आम्हाला शुभेच्छाच सुचणार. आता पुण्या-मुंबईचे फॉरवर्ड वाचून कोण आम्हाला शिकवायला लागलं तर डोकं फिरणारच की.

सदरबाजार_७८६
विषय निघालाच आहे तर बोलतो. शुभेच्छा ही लांबची गोष्ट, पंजे बसवणं हेच आमच्या दीनमध्ये, धर्मात नाही. हजरत मूसांची फिरऔन राजापासून सुटका झाली म्हणून आशुऱ्याचा रोजा आहे, तो ठेवा, गरिबाला जेवू घाला. धातूच्या पंजाला नवस, मोरचेल, नैवेद्य हे कुठून आलं? आणि फलक लावून ते आमच्या नावावर खपवू नका.

तालमीचा_गडी
खपवतोय कोण? पंजा तालमीचा आहे. पणज्यापासून बसतोय. तुझ्या नावावर कधी होता?

सदरबाजार_७८६
मग मोहरम हे नावही घेऊ नका.

शनिवारपेठकर
सदरबाजार, भावा, जरा दमानं. तुझ्याच वडिलांनी पंजाची सवारी खांद्यावर घेतलेली मी बघितलीय. तू नको घेऊस, कुणी जबरदस्ती केलेली नाही. पण गावाची रीत एका वाक्यात खोडून टाकायला तू कोण?

सदरबाजार_७८६
वडिलांना मध्ये आणायचं काम नाही. त्यांनी नंतर सोडलं ते समजून-उमजून सोडलं. घरात त्यावरून काय भांडणं झाली ते तुम्हाला माहीत नाही. आजी शेवटपर्यंत अब्बांशी नीट बोलली नाही. आमच्यातलं आम्ही सोसलंय, बाहेरच्यांनी टाळ्या पिटू नयेत.

राजारामपुरी_वहिनी
पंजावर तुमचं चालू द्या, पण शुभेच्छांचा विषय आहे म्हणून माझंही ऐका. ईदला शाळेच्या ग्रुपवर मेसेज येतो तो एकच: 'ईद मुबारक, शिरखुर्मा कधी?' रोजे कसे गेले, नमाज झाली का, अम्मीची तब्येत कशी आहे, कुणी विचारत नाही. पहाटे फज्रच्या नमाजाला उठून मी दूध आटवायचं, खारीक-चारोळी भिजवलेली सोलायची, आणि डबे पोचवायचे. बकरी ईदला त्याच लोकांचा एक मेसेज नाही. उलट प्राणीप्रेमाचे व्हिडिओ. म्हणजे गोड लागतं तेवढीच ईद तुमची? मला तालमीच्या पोरांचा चुकीचा फलक परवडला, निदान बदल्यात काही मागत तर नाहीत.

निवृत्त_मास्तर
थोडी माहिती. आषाढी अकरावी तिथी, आशुरा चांद्र महिन्याचा दहावा दिवस, म्हणून ते जुळले. 2024 ला 17 जुलै, 2025 ला 6 जुलै. 2026 ला अधिक महिना असल्यानं आषाढी पुढं सरकते, मोहरम मात्र अकराएक दिवस अलीकडं येतो. तेव्हा जोडफलकाचा प्रश्न आपोआप मिटतो.

दुसरं. 7 जून 2023 ला याच शहरात सोशल मीडियावरच्या स्टेटसवरून दगडफेक झाली. दसरा चौकात शाहू महाराजांच्या काळात, 1906 साली सुरू झालेलं मुस्लिम बोर्डिंग ज्या गावात आहे, त्या गावात. तेव्हा ऑनलाइन चूक दाखवताना माणूस कोण आहे हे बघावं, एवढंच शनिवारपेठकर म्हणतायत आणि ते मला पटतं.

हैदराबाद_माहेर
मास्तर, मग आम्ही कधी बोलायचं? दंगल झाली की गप्प बसायचं, शांतता असली की 'शांतता बिघडवू नका'. संख्येनं थोडे म्हणून आमच्या दुःखाचं दरवर्षी अभिनंदन सोसायचं?

शनिवारपेठकर
नाही ताई. तुम्ही बोलायलाच पाहिजे. फक्त फोटो टाकणाऱ्याची भाषा आणि तुमची भाषा एक नाही. तुम्ही घरातलं सांगितलंत, त्यानं पोरांची लायकी काढली.

तालमीचा_गडी
ताईंचं एक मान्य करतो, मनापासून नाही, पण करतो. काळे कपडे घातलेल्या माणसासमोर 'हार्दिक शुभेच्छा' बरं दिसत नाही. पंजे मात्र बसणार. त्यावर चर्चा नाही.

सदरबाजार_७८६
बसवा. माझ्या दारात सवारी थांबवू नका, बाकी मी आडवा येणार नाही.

तालमीचा_गडी
तुझ्या दारात आज्जीसाठी थांबत होती. ठीक आहे, पुढं नेतो. ताई, मग फलकावर लिहायचं काय? पोरांना आत्ताच सांगून ठेवतो.

हैदराबाद_माहेर
'हजरत इमाम हुसेन आणि करबल्याच्या शहीदांना अभिवादन'. फुगे, फटाक्यांची चित्रं नकोत. आणि खाली नेत्यांचे हसरे फोटो तर अजिबात नकोत.

तालमीचा_गडी
मजकूर घेतो. फोटोंचं मंडळात विचारून सांगतो, फलकाचे पैसे नेतेच देतात.