मदत हवी आहे: इंग्रजीतल्या 'ओल्ड'ला मराठीत कुठे काय म्हणायचं?

शब्दखुळी (कोथरूड)
मराठी माध्यमाच्या आठवीसाठी इंग्रजी शब्दांची टिपणं करतेय. 'ओल्ड'समोर 'म्हातारा, जुना' एवढंच दिलं की मुलं 'माय ओल्ड टीचर'चे 'माझे म्हातारे सर' करतात. तपासायची काही युक्ती? 'एल्डर' आणि 'ओल्डर'चंही सांगा.

पेठकरी
आधी जागा बघायला लावा. क्रियापदानंतर आला ('माय फ्रेंड इज ओल्ड') तर अर्थ वयाचा. नामाआधी आला की फाटे फुटतात. 'ॲन ओल्ड फ्रेंड'मध्ये मैत्री जुनी, मित्र विशीतला असू शकतो. म्हणून नामाआधीचा 'ओल्ड' उचलून वाक्याच्या शेवटी ठेवून बघा. अर्थ टिकला तर म्हातारा किंवा जुना. बदलला तर पूर्वीचा, माजी, मुरलेला किंवा (मैत्रीसारख्या नात्यात) जुना यांतून निवडा. 'ओल्ड टीचर' पूर्वीचे सर, 'ओल्ड हँड' मुरलेला माणूस, 'ओल्ड बॉय' माजी विद्यार्थी. (माजी विद्यार्थ्याला 'अलम्नस' म्हणतात, तो लॅटिन शब्द आणि 'ओल्ड' एकाच 'वाढणं-पोसणं' अर्थाच्या मुळातले!) 'एनी ओल्ड पेन विल डू' म्हणजे कुठलंही पेन चालेल, मग ते आज सकाळी का घेतलेलं असेना.

मार्क जातात ते वय सांगताना. 'ही इज टेन इयर्स ओल्ड' बरोबर, पण 'अ टेन-इयर-ओल्ड बॉय'मध्ये 'इयर' एकवचनी आणि जोडरेघा दोन. मराठीत 'दहा वर्षांचा' दोन्हीकडे तसाच राहतो, म्हणून मुलं तिथेही 'इयर्स' घालतात. 'ही इज ऑफ टेन इयर्स' हेही त्या 'चा'मुळेच.

'एल्डर' घरच्या नात्यांत, नामाआधी: 'माय एल्डर सिस्टर'. त्याला 'दॅन' लावायचा नाही. तुलनेला 'ओल्डर दॅन'. या दोन्ही ठिकाणी अडलं तर 'ओल्डर' लिहा, तो चुकत नाही.

भाषाभटकी
उलटा प्रवासही टिपणात घ्या. जुनं दुखणं 'क्रॉनिक', शिळी पोळी 'स्टेल'. जुना तांदूळ 'एज्ड राइस', कारण 'ओल्ड राइस' वाचून कालचा भात वाटतो. पुण्याच्या मंगळवार पेठेतला जुना बाजार मात्र 'जुना बाजार'च ठेवा. 'ओल्ड मार्केट' केलंत तर बाजार जुना की तिथला माल, हे कळायचं नाही.

शब्दखुळी (कोथरूड)
दोघांचे आभार, जागेची युक्ती वर्गात लगेच वापरते. 'माय ओल्ड मॅन' कुठे बसवू?

पेठकरी
तो बोलीतला, बाप किंवा नवरा, संदर्भाप्रमाणे. बापासाठी असेल तर आपल्या 'आमचा म्हातारा'चा तंतोतंत तोच सूर. उत्तरपत्रिकेत मात्र 'फादर'च लिहायला सांगा.