शब्दचर्चा : लिहिताना अचानक जे येते, त्याला काय म्हणावे?

प्रश्न

सध्या मी एक कादंबरी लिहीत आहे. कित्येक दिवस एकच प्रकरण अडून राहते, आणि मग एखाद्या वेळी, बहुधा जवळ कागदही नसताना, त्या प्रकरणातील बाईने दार का उघडले नाही हे एकदम लख्ख दिसते व पुढची पंधरावीस पाने कोणी सांगितल्यासारखी उतरतात. याविषयी लिहिताना मी ‘स्फूर्ती’ हा शब्द योजला. एका स्नेह्याने त्याऐवजी ‘प्रेरणा’ सुचवला, दुसऱ्याने ‘ऊर्मी’. हे तिन्ही शब्द एकाच अर्थाचे मानावेत का? शिवाय ‘स्फुर्ती’ लिहावे की ‘स्फूर्ती’?

उत्तर

लेखनाचे आधी उरकतो. ‘स्फूर्ती’ हेच शुद्ध रूप आहे. ‘स्फुरण’मध्ये उकार ऱ्हस्व आणि ‘स्फूर्ती’मध्ये दीर्घ, यामुळे घोटाळा होतो, पण ‘मूर्ती’ आणि ‘पूर्ती’ या शब्दांप्रमाणे येथेही रफारापूर्वीचा उकार दीर्घ आहे. समासात मात्र शेवटची वेलांटी ऱ्हस्व होते, म्हणून ‘स्फूर्तिदायक’.

आता अर्थाकडे वळू. ‘प्रेरणा’ शब्दाच्या मुळाशी ‘ईर्’ म्हणजे हलवणे, गती देणे हा धातू आहे. प्रेरणा कोणाकडून किंवा कशापासून तरी मिळते. एखाद्या घटनेने, व्यक्तीने किंवा वाचनाने ती दिलेली असते आणि कादंबरी पूर्ण होईपर्यंत वर्षानुवर्षे टिकूही शकते. आपण वर्णन केलेल्या क्षणाला ती लागू पडत नाही.

‘स्फुर्’ या धातूचा अर्थ थरथरणे, फडफडणे, चमकणे असा आहे. ‘शाकुंतल’च्या पहिल्या अंकात आश्रमात पाऊल टाकताना दुष्यंताचा बाहू स्फुरतो, आणि मराठीतही लढण्यास उत्सुक झालेल्या वीराचे बाहू स्फुरतात. म्हणजे मुळात ही शरीराची, आपल्या हुकमाबाहेरची हालचाल आहे. अचानकपणा या शब्दात जन्मतःच आहे. तथापि, आज ‘स्फूर्ती’ हा शब्द उत्साह आणि तरतरी या अर्थांनीही इतका रुळला आहे की, ‘सकाळी स्फूर्ती वाटते’ या वाक्यात कथेचा मागमूसही नसतो. त्यामुळे कथेतील नेमकी गोष्ट गवसण्याच्या क्षणाला मी ‘स्फुरण’ म्हणेन, किंवा सरळ क्रियापद वापरून ‘स्फुरले’ असे लिहीन.

पण या सर्वांपेक्षा मला ‘सुचणे’ हे क्रियापद अधिक मोलाचे वाटते. मराठीत ‘मी कथा लिहिली’ असे म्हणता येते; ‘मी कथा सुचली’ असे कोणीही म्हणणार नाही. ‘मला कथा सुचली’ या वाक्यात कर्ता कथा आहे आणि लेखक चतुर्थीत, घेणाऱ्याच्या जागी बसला आहे. हट्टाने ‘मी सुचवले’ म्हणावे, तर अर्थच पालटतो आणि आपण दुसऱ्याला सल्ला देऊ लागतो. लिहिणाऱ्याला स्वतःहून ‘सुचणे’ करता येत नाही, हे आपल्या व्याकरणाने कोणत्याही काव्यशास्त्राचा आधार न घेता नोंदवून ठेवले आहे. (नकारात मात्र जपावे : ‘काही सुचेना’ याचा अर्थ ‘मी गोंधळून गेलो’ असाही होतो, ‘काही स्फुरेना’ या वाक्यात तो धोका नाही.)

दुसरे मत

वरील विवेचन पटते, पण ‘ऊर्मी’ शब्दाला न्याय मिळालेला नाही. ऊर्मी म्हणजे लाट. ती उसळते आणि ओसरते. तिच्यात आवेग असतो, आशय असेलच असे नाही. ‘लिहिण्याची ऊर्मी आली, पण काही सुचले नाही’ हे वाक्य अर्थपूर्ण आहे, आणि दुर्दैवाने खरेही. ‘स्फुरले, पण काही सुचले नाही’ हे मात्र निरर्थक ठरते.

शिवाय प्रश्नकर्त्याने एक नव्हे, दोन गोष्टी सांगितल्या आहेत. दाराचा उलगडा क्षणात झाला. पाने उतरण्यास काही तास लागले असतील. त्या तासांना ‘स्फुरण’ म्हणता येणार नाही. तेथे ‘झपाटणे’ हवे. भूत झपाटते, तशी कथा झपाटते, आणि ‘कथेने मला झपाटले’ या वाक्यात लेखक चतुर्थीवरून थेट कर्माच्या जागी घसरतो.

‘प्रतिभा’ हा शब्द कोणी सुचवला नाही, हे बरे झाले. प्रतिभा ‘असते’, ती मंगळवारी दुपारी ‘येत’ नाही. भट्टतौत या संस्कृत काव्यशास्त्रकाराने तिला ‘नवनवोन्मेषशालिनी’ प्रज्ञा म्हटले आहे. उन्मेष म्हणजे पापणी उघडणे. एकेक उघडझाप म्हणजे आपले स्फुरण, आणि ती पुनःपुन्हा घडवणारी शक्ती म्हणजे प्रतिभा. ‘काव्यप्रकाश’कार मम्मटाने मात्र काव्याचा हेतू, म्हणजे काव्य निर्माण होण्याचे कारण, सांगताना या शक्तीच्या जोडीला निपुणता आणि अभ्यास यांनाही बसवले आहे, म्हणून आपले ते अडलेले दिवस हिशेबातून वगळू नयेत.

प्रश्नकर्ता

दोघांचेही आभार. ‘त्या दिवशी मला स्फूर्ती आली आणि मी वीस पाने लिहिली’ हे माझे मूळ वाक्य होते. आता ते असे केले आहे : ‘तिने दार का उघडले नाही ते चालता चालता स्फुरले, आणि मग त्या प्रकरणाने मला रात्रभर झपाटले.’ ‘मी’ कर्त्याच्या जागेवरून गेला, हे वाक्य लिहून झाल्यावर लक्षात आले.