कापसाचा पैसा वर्षातून एकदा, खर्च रोजचा: घरखर्च कसा बसवता?

अमळनेरची_सून

मंडळी, सल्ला हवाय. आधीच सांगते, "चहा कमी करा, हॉटेल बंद करा" नको. हॉटेलात आम्ही शेवटचं कधी गेलो ते पोरांनाही आठवत नाही.

घरात सहा माणसं: सासू-सासरे, आम्ही दोघं, मुलगी सातवीत, मुलगा तिसरीत. हे जळगावला डाळ मिलमध्ये आहेत, रेल्वेनं अप-डाउन करतात. हातात 19,000 येतात. खर्च असा: किराणा 5,500, दूध 1,800, भाजीपाला 1,500, गॅस 900, वीज 900 (उन्हाळ्यात विचारू नका), सासूबाईंच्या बीपी-शुगरच्या गोळ्या 1,800, पोरांची फी-रिक्षा-क्लास 2,600, मोटरसायकलचा हप्ता 2,700, पास आणि पेट्रोल 900, रिचार्ज 800. झाले 19,400. म्हणजे पहिल्या तारखेलाच 400 ची तूट. ती मी ब्लाउज शिवून भरते, पण लग्नसराई सोडली तर शिलाईचाही भरवसा नाही.

तीन एकर कापूस आहे. यंदा 18 क्विंटल झाला, घरूनच व्यापाऱ्याला 7,000 नं दिला. वेचणी, खताच्या दुकानाची उधारी, सोसायटीचं पीककर्ज हे सगळं वजा जाता 50 हजारांच्या आसपास उरतील. दरवर्षी हे पैसे आखाजीपर्यंत (अक्षय्य तृतीयेपर्यंत) कुठे जातात कळत नाही. मग जूनपासून दिवाळीपर्यंत नुसती ओढाताण. शाळा, बियाणं, आमच्या खानदेशातल्या कानबाई देवीचा सण, पोळा सगळं त्यातच येतं. माझी आई म्हणायची तसं, कितला बी येवो, पुरस नही.

त्यात मे महिन्यात चुलत नणंदेचं लग्न आहे आणि श्रावणात कानबाईचे रोट (भाऊबंदांनी मिळून करायचा नैवेद्य) यंदा आमच्याकडे आहेत. सासऱ्यांचं मागच्या वर्षी हर्नियाचं ऑपरेशन झालं, त्याचे भावाकडून घेतलेले पैसे आता कुठे फिटले. कुठून सुरुवात करू?

भुसावळ_जंक्शन

मुलीसाठी सुकन्या समृद्धी खातं उघडा ताई. 8.2 टक्के व्याज आहे, पोस्टात ज्येष्ठांची योजना सोडली तर एवढं कुठेही मिळणार नाही.

तापीकाठ

भुसावळ भाऊ, मुलगी सातवीत आहे. सुकन्याचं खातं मुलगी दहा वर्षांची व्हायच्या आतच उघडता येतं. आता उपयोग नाही.

जिभाऊ_चोपडा

ताई, तुमचा हिशोब दोनदा वाचला. सहा माणसांचा किराणा 5,500 मध्ये करणाऱ्या बाईला किराण्यावर सल्ला द्यायची माझी हिंमत नाही. लोक कोथिंबिरीच्या जुडीवर घासाघीस करतात आणि घरातला पैसा जातो भलत्याच दारानं. तुमच्या घरची ती दारं तीन आहेत: कापूस, आहेर आणि दवाखाना. आहेरावर आक्का बोलतील, मी कापसावर बोलतो.

पहिलं म्हणजे विक्री. 2025-26 ला लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव 8,110 होता. तुम्ही 7,000 ला दिलात. क्विंटलमागे हजाराच्या वर फरक, 18 क्विंटलला 18-20 हजार झाले. सीसीआयचं (सरकारी कापूस महामंडळाचं) खरेदी केंद्र म्हणजे नोंदणी, सातबारा, आधार जोडलेलं खातं, गाडीभाडं आणि रांग, हे सगळं मान्य. ओलावाही बघतात. 8 टक्क्यांपर्यंत पूर्ण भाव, त्यापुढे 12 पर्यंत कापून देतात, त्याच्या वर असेल तर माल परत. म्हणून सकाळी दवात वेचलेला कापूस तसाच बांधायचा नाही, दोन उन्हं दाखवायची. भाडं आणि कपात धरूनही दहा-बारा हजार सुटतात. किराण्यातून तेवढे काढायला दोन महिने चूल बंद ठेवावी लागेल. व्यापारी दारात काटा लावतो आणि नोटा मोजतो, त्या नोटांची भूल पडते. माझीही पडायची पाळी येते, खोटं कशाला बोलू.

दुसरं, सोसायटीचं पीककर्ज मुदतीतच भरा. 3 लाखांपर्यंतचं कर्ज वेळेवर फेडलं तर केंद्राची सवलत आणि राज्याची डॉ. पंजाबराव देशमुख व्याज सवलत योजना मिळून व्याज शून्यावर येतं. एक दिवस चुकला की सवलत गेली. उलट कृषी केंद्राची उधारी "बिनव्याजी" म्हणतात, पण रोखीचा भाव आणि उधारीचा भाव एकदा शेजारी ठेवून विचारा, व्याज कुठे लपलंय ते दिसेल. सोसायटीचा पैसा खतालाच वापरा, दुकानाची वही बंद करा.

तिसरं, उरलेले 50 हजार. हे बचत खात्यात ठेवले की संपले समजा. माझी पद्धत सांगतो. बँकेत एकच मोठी पावती न करता सहा छोट्या मुदतठेवी करायच्या, 8-8 हजारांच्या. पहिलीची मुदत 1 जूनला संपेल अशी, दुसरीची 1 जुलैला, असं करत सहावी नोव्हेंबरला. झाले 48 हजार. दर महिन्याला शेतीचा पगार आल्यासारखा येतो. फार अडलं तर एकच पावती मोडायची, थोडं व्याज कापतील, बाकीच्या पाच तशाच राहतात. शिवाय हात उसने मागायला कोणी आलं तर "पावती केलीय हो" म्हणता येतं. हे खोटं नसतं आणि नातंही तुटत नाही. आमच्या घरात या पद्धतीचा खरा फायदा हाच झाला, व्याज तर चहापाण्याइतकं.

पारोळेकर

जिभाऊ, बँकेत का? गावातल्या पतसंस्थेत दीड-दोन टक्के जास्त मिळतात आणि माणसं ओळखीची असतात. बँकेत साहेब वर बघत नाही.

जिभाऊ_चोपडा

पारोळेकर, आपल्या जिल्ह्यात राहून हे तुम्ही म्हणताय? म्हाताऱ्या माणसांनी आपल्याच ठेवीसाठी वर्षानुवर्षं खेटे घातलेले बघितलेत. बँक बुडाली, अगदी सहकारी बँकसुद्धा, तरी 5 लाखांपर्यंतच्या ठेवीला ठेव विमा महामंडळाचं संरक्षण असतं. पतसंस्थेला ते लागू नाही. 48 हजारांवर दोन टक्के सहा महिन्यांचे किती होतात? 480 रुपये. तेवढ्यासाठी कोणाच्या ओळखीवर झोपायचं?

पारोळेकर

480 चा हिशोब पटला. सगळ्या पतसंस्था तशा नसतात एवढं मात्र म्हणेन.

तापीकाठ

मी औषधाच्या दुकानात काम करते, म्हणून फक्त दवाखान्याबद्दल लिहिते.

सासूबाईंच्या 1,800 वर पहिला हात घाला. बीपी-शुगरच्या नेहमीच्या गोळ्या जनऔषधी केंद्रात बऱ्याच कमी किमतीत मिळतात. चिठ्ठीवर कंपनीचं नाव असतं, म्हणून पुढच्या वेळी डॉक्टरांना औषधाचं मूळ नाव आणि पॉवर लिहून मागा, लाजू नका. एका गोळीत दोन औषधं एकत्र असतील तर तीच जोडी हवी, आपल्या मनानं अर्धी बदलायची नाही. आणि सरकारी दवाखान्यात 15 ऑगस्ट 2023 पासून तपासणी आणि उपचार मोफत आहेत, केसपेपरलाही पैसे नाहीत. ग्रामीण रुग्णालयात बीपी-शुगरच्या गोळ्या महिन्याच्या मिळतात. कधी साठा नसतो, ते धरून चाला.

सासऱ्यांसारखं ऑपरेशन पुन्हा निघालं तर आधी महात्मा फुले जनआरोग्य योजनेचं विचारा. वर्षाला कुटुंबाला 5 लाखांपर्यंत संरक्षण आहे आणि आता केशरीच काय, पांढऱ्या रेशनकार्डालाही चालते. पण योजनेतल्याच दवाखान्यात जावं लागतं आणि यादीतलाच उपचार. अंगीकृत दवाखान्यात आरोग्यमित्र बसतो, त्याच्याकडे भरती व्हायच्या आधी जायचं. पैसे भरून घरी आल्यावर विचारलं तर कोणी परत देत नाही. रेशनकार्डात सहाही जणांची नावं आणि आधार जुळतात का, ते आज बघा. त्या वेळी स्पेलिंगवरून अडतं.

अजून एक. तुमच्या ह्यांचा विमा आहे का? पंतप्रधान जीवनज्योती 436 रुपये, सुरक्षा विमा 20 रुपये, दोन्ही वर्षाचे. पहिल्यात कसाही मृत्यू झाला तरी 2 लाख, दुसऱ्यात अपघाती. मेअखेरीस खात्यातून आपोआप कापतात, त्या आठवड्यात 456 शिल्लक ठेवा, नाहीतर विमा गुपचूप बंद पडतो. रोज रेल्वेनं जाणाऱ्या माणसाचा हा खर्च वाचवायचा नाही.

भुसावळ_जंक्शन

सुकन्याचं चुकलं, मान्य. विजेचं मात्र खात्रीनं सांगतो. आपल्याकडे कोरडी उष्णता, जूनचे ढग येईपर्यंत कूलरच पुरतो, हप्त्यावर एसी आणू नका. मार्चमध्ये कूलरचं जुनं गवत फेकून नवं लावा आणि खिडकीत बाहेरून बसवा. खोलीत ठेवलेला कूलर नुसता दमट करतो, मग माणूस पंखाही लावतो. 100 युनिटच्या पुढचा दर दुपटीहून जास्त आहे, पण तो पुढच्याच युनिटना लागतो, सगळ्या बिलाला नाही. कॉलनीत निम्मे लोक उलटं सांगतात.

आक्का_यावल

पोरी, जिभाऊंनी आहेर माझ्यावर ढकलला का? चालेल.

आमच्याकडे आहेराची वही आहे, तुमच्याकडेही असणार. नसेल तर सासूबाईंच्या डोक्यात असते. लग्नाला जायच्या आधी ती उघडायची. ज्यांनी आपल्याला टॉवेल-टोपी केली त्यांना टॉवेल-टोपी, ज्यांनी साडी केली त्यांना साडी. सून नवी असते तेव्हा नाक वर राहावं म्हणून वाढवून देते आणि तो आकडा वहीत कायमचा बसतो. चुलत नणंद आहे, सख्खी नाही. घरात बसून आधीच ठरवा, दोघं मिळून एक आकडा. मांडवात गेल्यावर ठरवलं तर हात सैल सुटतो. आणि तू शिवतेस ना? नवरीचे चार ब्लाउज अस्तरासकट शिवून दे. बाहेर त्याची शिलाई काय घेतात ते नणंदेच्या आईला पक्कं माहीत असेल. आहेराच्या साड्या फिरवायच्या असतील तर कोणाची आली ते पदराला चिठ्ठी लावून ठेव, नाहीतर तिचीच तिला जाते. आमच्या गावात झालंय.

रोटांचं एवढं घाबरू नकोस. आमच्या भाऊबंदांत गहू आणि हरभऱ्याची डाळ घरटी जमा होते, ज्याच्या घरी बसते त्याच्या माथी फक्त मांडव, दूध-गूळ आणि धावपळ. तुमच्यात तशी रीत नसेल तर सासऱ्यांनी भावांकडे विषय काढावा. सुनेनं काढला की "नवीन पद्धत" होते, थोरल्यानं काढला की रीत होते. नागपंचमीनंतरच्या रविवारी कानबाई बसते, म्हणून त्याआधी आखाजीला सगळे भेटतात तिथेच बोलून घ्या. डीजे कोणी म्हणालं तर म्हणणाऱ्यानं द्यावा. कानबाई डीजे मागत नाही.

वर्षाचं धान्य मार्च-एप्रिलमध्येच भर. गहू, दादर (आपली रब्बी ज्वारी), तूरडाळ. तूरडाळीचं तर तुमच्या घरचाच माणूस मिलमध्ये, चुरी-कणी कामगारांना काय भावात देतात विचार. डुबुकवड्या हरभऱ्याच्या पिठाच्या, पण तुरीची कणी वरणाला काय वाईट? गव्हाला कडक ऊन द्यायचं, थंड झाल्यावरच तळहाताला एरंडेल लावून दाणा चोळायचा, इतकाच की चमक येईल, ओघळ नको. गरम दाणा कोठीत गेला की वाफ धरतो आणि सोंडे होतात. बिबड्या (ज्वारीचे पापड), कुरडया चार घरांनी मिळून करा. दादरचा घाटा एका मोठ्या पातेल्यात शिजवला की जळण एकदाच लागतं आणि खाटेवर ओलं धोतर टाकून थापायला आठ हात मिळतात. लसूण कमी घालू नको, तिथे काटकसर कळते. पावसाळ्यात भाजी कडाडली की हेच वाळवण आणि कळण्याची (ज्वारी-उडदाची) भाकरी कामाला येते. पोरं नाक मुरडतील. मुरडू दे.

अमळनेरची_सून

सगळ्यांचे खूप आभार. आक्का, ब्लाउजचं मला सुचलंच नव्हतं. काकू शिलाईचा भाव मलाच विचारून गेल्यात परवा, त्यामुळे किंमत माहीत आहे.

सहा पावत्यांचं रात्री ह्यांना दाखवलं. ते म्हणाले त्यापेक्षा जळगावला जाऊन सोनंच घेऊ, भाव वाढतोच आहे. सासूबाई त्यांच्या बाजूनं. काय सांगू? आणि मला लाडकी बहिणीचे 1,500 येतात, ते आतापर्यंत किराण्यात मिसळून जात होते.

तापीकाठ

1,500 वेगळे काढता आले तर पोस्टात आरडी. सध्याच्या 6.7 टक्क्यांनी पाच वर्षांत सुमारे 1 लाख 7 हजार होतात, तेव्हा मुलगी बारावी होऊन कॉलेजच्या दारात असेल. पण औषधाचे पैसे वाचायला लागल्यावरच सुरू करा. योजनेचे पैसे एखाद महिना उशिरा आले तर आरडीचा हप्ता राहतो, म्हणून एक हप्ता हाताशी ठेवा. ई-केवायसीचं बघून घ्या.

जिभाऊ_चोपडा

सोन्याला मी नाही म्हणणार नाही, जळगाव जिल्ह्यात राहून म्हणवणार पण नाही. पण जूनमध्ये शाळेची फी भरायला डिसेंबरचं सोनं मोडलं तर घडणावळ आणि 3 टक्के जीएसटी दोन्ही गेले, भाव तेवढा चढला तर बरोबरी. सोनं वर्षानुवर्षं हलवायचं नाही अशा पैशाचं. हा पैसा सहा महिन्यांत लागणारच आहे. ह्यांना सांगा, पुढच्या हंगामात सीसीआयला घालून जे जास्तीचे सुटतील त्यांचं सोनं, सासूबाईंच्या पसंतीचं. मग बघा, कापूस वाळवायला घरात कोण पहिलं उठतं.

अमळनेरची_सून

हे सासूबाईंना लगेच पटलं! सोमवारी बँकेत जातेय. तिथे काही विशेष बघायचं का?

जिभाऊ_चोपडा

फॉर्मवर "मुदतीनंतर आपोआप नूतनीकरण" अशी चौकट असते, कारकून सवयीनं तिथे खूण करून टाकतो. ती करू देऊ नका. "मुदतीनंतर बचत खात्यात जमा" असं लिहून घ्या, नाहीतर 1 जूनचे आठ हजार पुन्हा सहा महिन्यांसाठी अडकतील आणि शाळेची रांग तशीच. सहाही पावत्यांवर नॉमिनीचं नाव टाका. पावत्यांचा फोटो काढून मोबाईलमध्ये ठेवा, मूळ कागद सासूबाईंच्या पेटीत.