मदत हवी आहे: गोठल्याची शंका असलेली तेलयुक्त लस ठेवावी की टाकावी?

जनावरांच्या दवाखान्यातल्या लसींच्या फ्रिजमधल्या थर्मामीटरवर सकाळी किमान उणे 2 अंश दिसलं. हवं 2 ते 8. कधी, किती वेळ, हे त्यात कळत नाही. थर्मामीटर मागच्या भिंतीला, गारवा सर्वात जास्त तिथेच. बाटल्या मधल्या कप्प्यात. थर्मोस्टॅटवर गारवा कमी केलाय, आता 5 अंश आहे.

घटसर्पाच्या ॲलमयुक्त (ॲल्युमिनियमचा क्षार मिसळलेल्या) लसीची शेक टेस्ट, म्हणजे लस गोठली होती का हे हलवून पाहायची चाचणी, केली. त्याच बॅचची एक बाटली मुद्दाम गोठवून वितळवली, दोन्ही हलवून शेजारी ठेवल्या. गोठवलेलीत गाळ झरझर बसला, आमचीत नाही. तिची काळजी मिटली.

लाळ्या-खुरकूतची लस मात्र तेलयुक्त, तिला ही चाचणी चालत नाही. थर वेगळे झालेले नाहीत, पण तेवढ्यावर जनावरांना टोचायला मन धजत नाही. बाटल्या ‘वापरू नये’ चिठ्ठी लावून बाजूला आहेत, उत्पादकाचं उत्तर यायचंय. तेलयुक्त लस गोठली होती का, हे दवाखान्यातच खात्रीने ओळखायची काही रीत आहे का?