मदत हवी आहे: पडलेल्या गुलमोहराच्या जागी घरामागे कोणते झाड लावावे?

नमस्कार. बोरिवली पश्चिमेला आमचे जुने बैठे घर असून त्याच्या मागे साधारण 22 फूट रुंद व 35 फूट लांब मोकळी जागा आहे. तेथे वडिलांनी लावलेला गुलमोहर गेल्या जुलैत रात्रभराच्या पावसानंतर, फारसा वारा नसतानाही, पहाटे कुंपणाच्या भिंतीवर आडवा झाला. सुदैवाने कोणाला इजा झाली नाही.

झाड हलवण्यापूर्वी मी मुळे नीट पाहिली. एवढ्या मोठ्या झाडाच्या मुळांचा पसारा ताटासारखा चपटा होता आणि दीड फुटाखाली जवळजवळ काहीच उतरलेले नव्हते, कारण घर बांधताना उरलेल्या विटा, फुटकी कौले आणि मुरूम तेथेच दाबून टाकलेले आहेत. (त्या ढिगाऱ्यातून आईचे कित्येक वर्षांपूर्वी हरवलेले उलथनेही निघाले.) त्यामुळे नवे झाड निवडताना फुलांचा रंग पाहण्याआधी खालच्या जमिनीचा विचार करावा, असे आता वाटते.

जागेची स्थिती अशी आहे: पश्चिमेच्या भिंतीलगत ड्रेनेजची वाहिनी जाते, नैऋत्येच्या कोपऱ्यात पावसाचे पाणी तीन-चार दिवस साचून राहते, आणि पूर्वेला सात मजली इमारत असल्यामुळे त्या बाजूला अकरा वाजेपर्यंत ऊन येत नाही. आईला दुपारी खुर्ची टाकून बसता येईल अशी सावली आणि पूजेपुरती फुले हवी आहेत. मला बहावा आवडतो, पत्नीला ताम्हण, आणि आईचा आग्रह सीता अशोकाचा किंवा बकुळीचा आहे.

अशोकाच्या बाबतीत एकदा फसगत झालेली आहे. एका रोपवाटिकेतून ‘अशोक’ म्हणून आणलेले रोप दोन वर्षांत खांबासारखे सरळ वाढले, तेव्हा तो सोसायट्यांच्या कुंपणालगत रांगेने दिसणारा आसुपालव असल्याचे समजले. शिवाय महाराष्ट्राच्या 1975 च्या वृक्षसंरक्षण कायद्यामुळे वाढलेले झाड परवानगीशिवाय तोडता येत नाही, म्हणून निवडीत चूक परवडणारी नाही. दोनच झाडे लावायची आहेत. कोणती, कोठे आणि कशी लावावीत, याबाबत जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

प्रतिसाद

बहावा सुंदर आहे यात वाद नाही, पण त्याला भरपूर ऊन लागते आणि पानगळीमुळे ऐन मार्च-एप्रिलमध्ये तो उघडाबोडका होतो. आपल्या आईंना सावली नेमकी तेव्हाच हवी असणार. बकूळ सदाहरित आहे, तिची सावली दाट असते, आणि वाढ संथ असल्यामुळे ती आवाक्यात ठेवता येते. पहिली काही वर्षे मात्र सावलीसाठी धीर धरावा लागेल. ती मध्यभागी, घर व वाहिनी या दोन्हींपासून किमान 12 फूट अंतर ठेवून लावावी.

खरा सीता अशोक पूर्वेच्या सावलीत चांगला जगेल, कारण त्याला ओलावा आणि थोडी सावली मानवते. रोप घेताना पाने पाहावीत: आसुपालवाची पाने लांबट, नागमोडी कडांची आणि एकेकटी असतात, तर सीता अशोकाच्या एका देठावर पर्णिकांच्या जोड्या असतात व कोवळी पालवी तांबूस होऊन मलूल झाल्यासारखी खाली लोंबते. शंका वाटल्यास आधी भायखळ्याच्या राणीच्या बागेत जाऊन पूर्ण वाढलेली झाडे पाहून यावे. ताम्हण हे आपले राज्यफूल आहे आणि मुळात नदीकाठचे झाड असल्यामुळे साचलेले पाणीही ते सोसते, पण आपला ओला कोपरा वाहिनीला लागून आहे, म्हणून मी तो मोकळाच ठेवेन.

खड्डा 3 फूट लांब, रुंद व खोल घेऊन सगळा भराव बाहेर काढावा, मात्र तळ कठीण लागल्यास पहारीने फोडावा. नाहीतर खड्ड्याची कुंडी होते आणि मुळे त्यातच गोल फिरत राहतात. भरताना तांबडी माती व चांगले कुजलेले शेणखत वापरावे, आणि जूनमध्ये दोन-तीन चांगले पाऊस झाल्यावर रोप लावावे. बुंध्याभोवती फरशी किंवा काँक्रीट अजिबात करू नये.

धागाकर्ता

मनःपूर्वक आभार. आज टेप लावून मोजले. आईला बकूळ मागच्या पायरीसमोर हवी आहे, परंतु तेथून वाहिनी 10 फुटांवर येते. दोन फूट पूर्वेकडे सरकल्यास अंतर जमते आणि पायरीवरून झाडही दिसते, त्यामुळे तेथे खुंटी ठोकून ठेवली आहे. आई ती खुंटी अजून मान्य करत नाही.